स्पायनल ॲडजुव्हंटवर थीसिस करताना या चुका टाळा

स्पायनलसाठी, म्हणजे पाठीच्या मणक्यातून दिल्या जाणाऱ्या भुलीसाठी, बुपिव्हाकेन या भुलीच्या औषधात फेंटॅनिल किंवा डेक्समेडेटोमिडीन हे ॲडजुव्हंट (जोडीचं औषध) मिसळायचं आणि दोन गटांची तुलना करायची, हा भूलशास्त्रातल्या थीसिसचा नेहमीचा विषय. यातल्या बहुतेक चुका पहिल्या रुग्णाला सुई टोचण्याआधीच झालेल्या असतात, आणि मग उत्तम संख्याशास्त्रज्ञालाही त्या निस्तरता येत नाहीत.

पहिली चूक म्हणजे 'प्रत्येक गटात 30'. हा आकडा मागच्या थीसिसमधून उचललेला असतो. दोन सरासऱ्यांची तुलना असेल, तर 80 टक्के पॉवर (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) आणि 5 टक्के सिग्निफिकन्ससाठी (फरक नसताना तो दिसण्याची शक्यता) ढोबळ हिशेब सोपा आहे: स्टँडर्ड डेव्हिएशनला (आकडे सरासरीभोवती किती विखुरलेत त्याचं माप) अपेक्षित फरकाने भागा, वर्ग करा, 16 ने गुणा. पहिल्या वेदनाशामकापर्यंतच्या वेळेचं डेव्हिएशन 60 मिनिटं आणि फरक 40 मिनिटं धरला, तर प्रत्येक गटात 36 रुग्ण. 10 टक्के गळती धरून 40. तोच फरक 20 मिनिटं धरला, की 144! म्हणून रुग्णाच्या दृष्टीने किती मिनिटांना अर्थ आहे ते आधी ठरवा. हाताशी असलेल्या रुग्णसंख्येला जुळेल असा फरक मागाहून शोधू नका. टक्केवारीचा हिशेब वेगळा असतो: मळमळ-उलटीचं प्रमाण 40 वरून 20 टक्क्यांवर आलं हे दाखवायला प्रत्येक गटात साधारण 80 रुग्ण लागतात.

याच चुकीचं दुसरं टोक 'गंभीर दुष्परिणाम आढळले नाहीत, म्हणून औषध सुरक्षित' या वाक्यात असतं. 30 पैकी एकालाही त्रास झाला नाही, तरी खरं प्रमाण 10 टक्क्यांपर्यंत असू शकतं (3 भागिले रुग्णसंख्या). हे वाक्य थीसिसमधून काढून टाका.

सम-विषम केस नंबर म्हणजे रँडमायझेशन (चिठ्ठी टाकल्यासारखी गटवाटणी) नव्हे, कारण पुढचा रुग्ण कोणत्या गटात जाणार हे सगळ्यांना आधीच माहीत असतं. चारचा ठरावीक ब्लॉक (दर चार रुग्णांत दोन्ही गट समसमान) घेतला आणि तीन रुग्णांचे गट कळले, तर चौथा आपोआप कळतो. 4, 6, 8 असे मिसळून घ्या. गटाची चिठ्ठी असलेलं पाकीट अपारदर्शक आणि अनुक्रमांकित हवं. संमती झाल्यावर आधी त्यावर रुग्णाचा कोड लिहा, मगच फोडा.

ब्लाइंडिंग (कोण कोणत्या गटात आहे हे लपवणं) बहुधा सिरिंजमध्येच फुटतं. एका गटाला 3 मिली हेवी बुपिव्हाकेन आणि दुसऱ्याला त्यात 0.5 मिली ॲडजुव्हंट मिसळून 3.5 मिली दिलं, तर सिरिंज हातात घेणाऱ्याला गट कळतोच, शिवाय फरक औषधाचा की आकारमानाचा हेही सांगता येत नाही. कंट्रोलला (ॲडजुव्हंट नसलेल्या गटाला) 0.5 मिली सलाईन घाला. औषध भरणारी व्यक्ती स्पायनल देणारी नसावी आणि नोंदी घेणारीही नसावी.

इथे सर्वांत धोक्याची जागा डायल्युशनची. डेक्समेडेटोमिडीनचं नेहमीचं अँप्यूल 100 मायक्रोग्रॅम प्रति मिली असतं, त्यातलं 0.5 मिली थेट घेतलं तर 5 ऐवजी 50 मायक्रोग्रॅम जातात. 1 मिली औषध सलाईनने 10 मिलीपर्यंत न्या, मग 0.5 मिलीत 5 मायक्रोग्रॅम येतात. लेबल लावा आणि दुसऱ्याकडून तपासून घ्या.

'हायपोटेन्शन' (रक्तदाब उतरणं) म्हणजे नेमकं काय, हेही प्रोटोकॉलमध्येच लिहा. सिस्टोलिक 90 च्या खाली, की बेसलाइनच्या (भुलीआधीच्या रीडिंगच्या) 20 टक्के खाली? टेबलावर घाबरलेल्या रुग्णाचं पहिलं रीडिंग बेसलाइन धरलं, तर प्रमाण फुगतं.

प्रायमरी आउटकम (अभ्यासाचं मुख्य मोजमाप) एकच ठेवा. 10 स्वतंत्र तुलना केल्या, तर औषधात काहीच दम नसतानाही एखादी 'सिग्निफिकंट' येण्याची शक्यता सुमारे 40 टक्के असते. तक्त्यात स्टँडर्ड एररऐवजी (सरासरीतल्या अनिश्चिततेच्या मापाऐवजी) डेव्हिएशन द्या. 36 रुग्णांत 12 चं डेव्हिएशन एरर म्हणून 2 दिसतं आणि आकडे उगीच घट्ट वाटतात.

राहून गेलेलं रीडिंग रिकामंच राहू द्या. भूलतज्ज्ञ योशिताका फुजी यांच्या 212 पैकी 172 शोधनिबंधांत बनावट आकडे असल्याचं जपानी भूलशास्त्र संस्थेच्या चौकशीत 2012 मध्ये निष्पन्न झालं. गटांमधले बेसलाइन आकडे योगायोगाने जुळतील त्याहून जास्त जुळत होते. मूळ केस शीट फेकू नका. एक्सेलमधला प्रत्येक आकडा तिच्यापर्यंत मागे नेता आला पाहिजे.