दोऱ्याचं ब्रेसलेट: कात्री लावण्याआधीची तयारी

कात्री, टेप, मोजपट्टी, लायटर घरात असतंच. दोरा अडकवायला परीक्षेचं क्लिपवालं पॅड घ्या, दोन्ही हात मोकळे राहायला हवेत.

चौकोनी गाठींचं (मधल्या दोऱ्यांभोवती एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून मारलेल्या गाठी), सरकत्या गाठीने कमी-जास्त होणारं साधं ब्रेसलेट करायचं असेल तर १ मिमी जाडीचा नायलॉनचा दोरा लागतो. तो आणल्याआणल्या पहिलं काम म्हणजे बोटभर तुकडा कापायचा, चिमट्यात धरायचा आणि स्टीलच्या ताटलीवर जाळून बघायचा. वितळून टोकाशी कडक गोळी झाली तर दोरा कामाचा. भुरकन पेटला, जळक्या कागदाचा वास आला आणि मागे राख उरली, तर तो सुती किंवा रेयॉनचा आहे. चमक बघून ठरवू नका, रेयॉनही तितकाच चमकतो. पुण्यात बोहरी आळीत किंवा मुंबईत भुलेश्वरला रिळावर ‘रेशीम’ म्हणून जे मिळतं तेही जाळून बघा. दुकानदाराने नायलॉन सांगितलं तरी बघा.

याचं कारण असं की या ब्रेसलेटची शेवटची टोकं चटका देऊनच बंद करतात. दोरा सुती निघाला तर चटका दिल्यावर आग गाठीपर्यंत धावते, आणि नाही दिला तर चार आंघोळीत गाठ सुटते. हे कळतं तेव्हा सगळ्या गाठी मारून झालेल्या असतात. तीन रंग आणले असतील तर तिन्ही रिळं वेगवेगळी जाळून बघा. लाल वितळला म्हणून पिवळा वितळेलच असं नाही. सुतीच वापरायचा असेल तर खुशाल वापरा, पण मग कापडाला चालणारा पारदर्शक गोंद आधीच आणून ठेवा. नेहमीचा पांढरा गोंद पाण्याने मऊ पडतो आणि झटपट चिकटणारा वाळला की मनगटाला टोचतो. सुती लाल किंवा काळा दोरा कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या फडक्यावर दाबा. रंग जात असेल तर तो घेऊच नका.

आता लांबी. मनगट १६ सेंमी असेल तर विणलेला भाग १३ सेंमी पुरतो. आधाराचे दोन दोरे (मधले, ज्यांवर गाठी मारायच्या ते) प्रत्येकी ४५ सेंमी, गाठी मारायचा एक दोरा १५० सेंमी, सरकत्या गाठीसाठी ३० सेंमी. म्हणजे एका ब्रेसलेटला २ मीटर ७० सेंमी. तीन मीटर धरा. गाठीचा दोरा विणलेल्या लांबीच्या दहापटीहून कमी नको, कारण मध्येच संपला तर जोड दिसतो. उरला तर सरकत्या गाठीला वापरता येतो.

मणी घालणार असाल तर भोक बघा. आधाराचे दोन्ही दोरे एकदम जायचे तर २ मिमी अगदी काठोकाठ होतं, अडीच बरं. काचेच्या बारीक मण्यांतून हे दोरे जात नाहीत. धातूच्या मण्याच्या भोकाची कड नखाने चाचपा. धार असेल तर ती दोरा कापते.

गाठीच्या दोऱ्याच्या एका टोकाला खूण म्हणून छोटी गाठ मारून ठेवा. तेच टोक प्रत्येक वेळी आधाराच्या पुढून न्यायचं, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. कधी हे, कधी ते पुढे गेलं की पट्टी पिळवटते. खूण केलेली असली की मध्येच उठावं लागलं तरी गोंधळ होत नाही.

आणि हो, दोरा जाळून बघितला ना? कापायच्या आधी बघा. कापलेल्या दोऱ्याचं मग काही करता येत नाही.

पुढचं भराभर. मण्याच्या दोन्ही बाजूंना गाठी सारख्या मोजा. दोन्हीकडची आधाराची टोकं एकमेकांवरून उलट दिशांना आणा, त्यांवर सुट्या दोऱ्याने चार-पाच चौकोनी गाठी घट्ट मारा, ओढून बघा. सरकत नसेल तर उसवून थोडी सैल मारा. जादा टोकं २ मिमी ठेवून कापा, ज्योतीच्या खालच्या निळ्या भागाजवळ धरा (वरच्या पिवळ्या भागाने काजळी धरते) आणि कात्रीच्या पात्याने दाबा. बोटाने नाही, वितळलेला नायलॉन कातडीला चिकटतो. आधाराच्या चार टोकांना एकेक गाठ मारून तीही तशीच बंद करा.