जुनी लाकडी होडी पुन्हा दर्यात घालताना

दर्यात फिरती होडी सहसा कुजत नाही. ती कुजते पुळणीवर, माडाखाली टाकून दिलेली, पोटात पावसाचं पाणी साठवत बसलेली. खाऱ्या पाण्यात मुरलेल्या लाकडात कुजवणारी बुरशी नीट जगत नाही. गोडं पाणी, सावली आणि कोंडलेली हवा एकत्र आली की मात्र तिला आवरणं कठीण. कोकणात चार महिन्यांत अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यामुळे दोन पावसाळे उघड्यावर काढलेली होडी वीस वर्षं मासेमारी केलेल्या होडीपेक्षा वाईट अवस्थेत सापडते. जुनी होडी विकत घेताना पहिला प्रश्न तिच्या वयाचा नको. गेले पावसाळे तिने कुठे आणि कशाखाली काढले, ते विचारा.

इथे डोळ्यांसमोर आहे ती किनाऱ्यावरची वीस-पंचवीस फुटी, फळ्यांची, वल्ह्याशिडाची किंवा लहान इंजिनाची होडी.

घेण्याआधीची तपासणी

लहान हातोडा, अणकुचीदार टोच्या, टॉर्च आणि लांब दोरी एवढं पुरे. हातोड्याने प्रत्येक फळीवर वीतभर अंतराने हलकेच ठोका. निरोगी लाकूड टणटणतं, कुजलेलं थप्प वाजतं. शंका आली तिथे टोच्या दाबा, पण त्याआधी त्याच होडीच्या खात्रीच्या लाकडात एकदा दाबून बघा, म्हणजे तुलना करता येईल. मग टोच्याचं टोक तिरकं घालून एक धागा उचका. चांगल्या लाकडाची लांब, चिवट ढलपी निघते. कुजलेल्याचा तुकडा आखूड आणि सरळ आडवा मोडतो. रंग ताजा असला तरी ही खूण लपत नाही.

गोडं पाणी जिथे अडकतं तिथे जास्त वेळ द्या: नाळेच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या उभ्या लाकडाच्या, आतला कोपरा, काठाच्या पट्टीखालची बाजू, पिछाडीचे सांधे, आणि वाक म्हणजे होडीच्या बरगड्या कण्याला, म्हणजे तळाच्या लांब मुख्य लाकडाला, टेकतात ती जागा. वाकांच्या तळाशी पाणी वाहून जायला ठेवलेली भोकं चिखलाने बुजली असली, तर तिथलं लाकूड नरम असणारच असं धरून चाला.

लोखंडी खिळ्यांचं दुखणं वेगळं. खिळ्याभोवती निळसर-काळं कडं दिसलं तर लोखंड आणि लाकडातलं टॅनिन नावाचं तुरट द्रव्य यांची प्रक्रिया सुरू आहे. गंज वाढतो तसं खिळ्याभोवतीचं लाकूडही मरतं, आणि बोटाने खरवडलं तर तपकिरीसारखा भुगा हाताला लागतो. पाण्याखालच्या भागातले पाच-सहा खिळे वेगवेगळ्या जागांवरून उपटून बघा. दांडा मूळ जाडीच्या दोन तृतीयांशाहून बारीक झाला असेल, तर सगळी होडी नव्याने ठोकावी लागेल. हा खर्च किमतीत धरा. वीस फुटी होडीला एका बाजूला नऊ फळ्या, पंचवीस वाक आणि प्रत्येक छेदावर दोन खिळे धरले, तर दोन्ही बाजू मिळून नऊशे खिळे होतात.

शेवटी कण्यालगत नाळेपासून पिछाडीपर्यंत दोरी ताणा. जुन्या होडीची दोन्ही टोकं खाली झुकतात आणि मधला भाग वर येतो. थोडा बाक चालतो, पण एकाच जागी कोन पडल्यासारखा दिसला तर तिथे कणा मोडला आहे.

कणा आणि नाळ शाबूत असतील आणि निम्म्याहून जास्त वाक चांगले असतील, तर होडी घ्या. कणाच गेला असेल तर तिचा साचा म्हणून उपयोग करून नवी बांधावी. दुरुस्ती म्हणून पैसे ओतत बसू नये.

बसवणी आणि क्रम

भार कण्यावर यायला हवा. कण्याखाली दर मीटर-सव्वा मीटरला ओंडके द्या, बाजूचे टेकू फक्त तोलापुरते. टेकूंवर वजन आलं तर होडीचं पोट आत दबतं, आणि त्या आकारात नव्या फळ्या बसल्या की तो दोष कायमचा. बाक काढायचा असेल तर मधले ओंडके आठवड्याला पाच-सहा मिलिमीटर कमी करत होडीला स्वतःच्या वजनाने बसू द्या. जॅक लावून एका दिवसात सरळ केली की सांधे फाटतात.

एकही फळी काढण्याआधी आतून तीन-चार ठिकाणी आडव्या पट्ट्या ठोकून रुंदी बांधून टाका. मग आधी कणा-नाळ, नंतर वाक, नंतर फळ्या, मग फटी आणि सगळ्यात शेवटी रंग. हा क्रम उलटवायचा मोह बहुतेकांना होतो, कारण रंग लावला की होडी लगेच देखणी दिसते. आणि सगळ्या खराब फळ्या एकदम उघडू नका. एक सोडून एक काढा, म्हणजे आकार धरून राहतो.

लाकूड

फळ्यांना सागाला तोड नाही. मुंबईच्या गोदीत वाडिया या जहाजबांधणी घराण्याने मलबारी सागात बांधलेलं, १८१७ साली पाण्यात उतरलेलं ट्रिंकोमाली हे युद्धजहाज आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतं आहे. साग परवडत नसेल तर फणस उत्तम. ऐनाचं लाकूड जड पण मजबूत, कण्याला आणि वाकांना चांगलं. आंब्याच्या फळ्या स्वस्त मिळतात, पण पाण्याखाली वापरू नयेत, लवकर कुजतात आणि कीडही लवकर धरते. कुठलंही झाड असो, गाभ्याचंच लाकूड घ्या. सालीलगतचा फिकट पट्टा फळीत एक बोटभर राहिला तरी कूज तिथूनच सुरू होते.

इंचभर जाडीची फळी सावलीत, मधे पट्ट्या घालून, साधारण वर्षभर वाळवावी. वाळली की नाही ते घरच्या ओव्हनमध्ये कळतं. फळीच्या टोकापासून फूटभर आतला छोटा तुकडा कापून वजन करा, १०० अंशांच्या थोडं वर ठेवा आणि वजन घटणं थांबेपर्यंत वाळवा. सुरुवातीला ४६ ग्रॅम आणि शेवटी ४० ग्रॅम भरला, तर ६ भागिले ४०, म्हणजे १५ टक्के ओल. १५ ते १८ टक्क्यांची फळी बसवायला योग्य. त्याहून ओली असेल तर पुढे आक्रसून फट उघडते, आणि फार कोरडी असेल तर पाण्यात फुगून शेजारणीला ढकलते.

मोडलेल्या वाकाला नैसर्गिक बाक असलेलं लाकूड शोधा. रेषा वळणासोबत वळतात म्हणून ते फुटत नाही. जुना वाक पूर्ण काढणं अवघड असेल तर त्याला लागून दुसरा वाक बसवा, मोडलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना हातभर पुढे जाईल इतका. दोघांच्या मधे पाणी साठणारी फट मात्र राहू देऊ नका.

फळी आणि खिळे

दोन फळ्यांची टोकं वाकावर जोडू नयेत. दोन वाकांच्या मधे जोडून आतून ठोकळा द्यावा. ठोकळा वरच्या-खालच्या फळीवर अर्धा इंच चढवा, त्याच्या आणि वाकांच्या मधे बोटभर जागा ठेवा आणि त्याची वरची कड उतरती तासा, म्हणजे पाणी तिथे बसणार नाही. शेजारच्या दोन फळ्यांचे जोड एकमेकांपासून किमान तीन वाक दूर हवेत.

खिळे तांब्याचे सर्वांत चांगले. बजेट नसेल तर वितळत्या जस्तात बुडवून काढलेले जाड लोखंडी, तेही चालतात. पाण्याखाली स्टेनलेस स्टीलच्या नादी लागू नका. ओल्या लाकडात हवा मिळाली नाही की ते आतल्या आत खड्डे पडून तुटतं आणि बाहेरून डोकं चकचकीत दिसत राहतं. तांबं आणि लोखंड शेजारी-शेजारी वापरलं तर लोखंड झपाट्याने खाल्लं जातं.

तांब्याचा खिळा असा मारतात. दांड्यापेक्षा किंचित बारीक भोक, बाहेरून खिळा ठोकून आत आलेल्या टोकावर तांब्याची वाटीसारखी चाकी चढवून घट्ट दाबायची. टोक चाकीच्या वर दांड्याच्या जाडीइतकं, फार तर दीडपट ठेवून कापायचं. बाहेर एकाने खिळ्याच्या डोक्याला जड लोखंडी ठोकळा दाबून धरायचा, आतल्याने लहान हातोडीने पंधरा-वीस हलके टोले देऊन टोक चहूबाजूंनी पसरायचं. जोरात चार टोले मारले की काम झाल्यासारखं वाटतं, पण खिळा फळीच्या आत वाकडा होतो आणि पहिल्या लाटेत सरळ होऊन ढिला पडतो. बाहेरचा माणूस खिळ्याच्या रेषेत आहे ना, हे दर खेपेला विचारून घ्या.

फटी भरणं

फळ्यांमधल्या फटींत पाणी अडवायला कापूस भरतात. सगळ्यात जास्त होड्या इथे बिघडतात, आणि त्या कापूस कमी पडल्याने नाही, जास्त ठासल्याने बिघडतात. वाळलेल्या होडीच्या फटी रुंद दिसतात म्हणून माणूस भरत सुटतो. पाण्यात फळ्या फुगल्या की त्या कापसाला जायला जागा नसते. मग खिळे ताणले जातात, वाक तडकतात, आणि होडी दुरुस्तीआधीपेक्षा जास्त गळते.

आधी जुना कापूस आणि त्यावरची लांबी, म्हणजे फट बुजवायची पुटी, आकड्याने खरवडून काढा. फटीच्या कडा तोडू नका आणि विजेची चक्री इथे आणू नका. फट आतून बंद, बाहेर उघडी अशी पाचरीच्या आकाराची हवी. इंचभर फळीला बाहेरून २ ते ३ मिलिमीटर. आतून उजेड दिसत असेल तर कापूस आरपार जाईल, तिथे फळीच दुरुस्त करावी लागेल.

मग फटीत पातळ प्रायमर. जुने कारागीर इथे शेंदूर तेलात कालवून लावत. शेंदूर म्हणजे शिसं, त्यामुळे जुना रंग खरवडताना तोंडाला चांगला मास्क हवाच. प्रायमर सुकला की सैल पिळाची कापसाची वात घ्या. ती सरळ ताणून नाही, लहान-लहान वेढे घालत फटीत लोटा. रुंद फटीत वेढे जवळ, अरुंद फटीत लांब. म्हणून वात फटींच्या एकूण लांबीच्या दीडपट तरी आणावी. बोथट छिनीने ती फळीच्या जाडीच्या निम्म्यापर्यंत बसवा. पुरेशी बसली की हातोडीचा आवाज बदलतो, टोला भरीव लागतो. तिथे थांबा. शेजारची फट उघडताना किंवा खिळ्यांची डोकी वर येताना दिसली तर फार झालं, थोडा कापूस काढा.

कापसावर पुन्हा प्रायमर, मग लांबी. खडूची पूड पाच भाग, बेलतेल म्हणजे जवसाचं तेल एक भाग, दोन्ही वजनाने, हाताला चिकटणं थांबेपर्यंत मळायची. भरताना फळीच्या पातळीपेक्षा एक-दीड मिलिमीटर खोल ठेवा. फळ्या फुगल्यावर ती बाहेर येऊन बरोबर सपाट होते. पाण्याखालच्या फटींत इपॉक्सी भरू नका. ती दबत नाही, मग फळीची कड चिरडते.

याच कारणाने जुन्या होडीवर फायबरचा थर चढवणं मला चूक वाटतं. फळ्या हलतात, थर हलत नाही. एका बारीक तडीतून शिरलेलं पाणी मग बाहेर पडत नाही, आणि आतली कूज वास येईपर्यंत कळत नाही.

तेल, रंग आणि कीड

आतल्या बाजूला जाड रंग नको. बेलतेल टर्पेंटाइनमध्ये पातळ करून लाकूड पिईल तितकं द्या. किनाऱ्यावर माशाचं तेल आणि काजूच्या टरफलाचं तेल पूर्वीपासून वापरात आहे. काजूचं तेल कीड चांगली रोखते, पण कातडीवर फोड आणतं, तेव्हा हातमोजे घालूनच लावा.

पाण्याखाली प्रायमरवर तांबं असलेला, शेवाळ आणि शिंपले रोखणारा रंग द्या. त्यात सर्वांत जास्त काळजी कण्याच्या खालच्या बाजूची, कारण वाळूवर ओढताना रंग तिथेच खरवडतो. लाकूड पोखरणारी समुद्री कीड टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून आत शिरते आणि आत बोटाएवढी वाढते. बाहेरून काहीच दिसत नाही. होडी दर महिन्याला ओढून दोन-चार दिवस वाळवली, तर नुकती शिरलेली कीड मरते. खाडीच्या वरच्या अंगाला, गोड्या पाण्यात काही आठवडे नांगरणं हाही जुना उपाय आहे, फक्त तेवढे दिवस आत पावसाचं पाणी राहू देऊ नका.

शिवलेली होडी आणि उलांडी

काथ्याने शिवलेली होडी हाती आली तर तिला खिळे मारू नका. शिवण थोडी हलते म्हणूनच ती लाटेत टिकते, खिळ्याने एक जागा घट्ट केली की शेजारची फाटते. अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून बांधलेलं आणि २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झालेलं कौंडिण्य हे शिडाचं जहाज याच पद्धतीने शिवलं आहे, त्यामुळे हे काम जाणणारे कारागीर आजही आहेत. शिवण त्यांच्याकडूनच करून घ्या. उलांडी म्हणजे तोल सांभाळायला होडीच्या बाजूला बांधलेला तरंगता ओंडका आणि त्याचे आडवे वासे. तिच्या दोऱ्या दर हंगामाला सोडून नव्याने आवळा. तिचा पांगाऱ्याचा ओंडका उतरवून सावलीत वाळवा, तो पाणी पितो आणि जड झाला की होडीचा तोल जातो.

पाण्यात उतरवणं

उतरवण्याआधी चार-पाच दिवस आतून गोणपाट अंथरून त्यावर रोज समुद्राचं पाणी मारा. नळाचं किंवा विहिरीचं पाणी नको. मग भरतीला उथळ पाण्यात, दोरीला बांधून ठेवा. पहिल्या रात्री होडी गळणारच, म्हणून बादली आणि पंप घेऊन एक माणूस सोबत हवा. दोन दिवसांत गळती कमी होत जाते. चार दिवसांनीही एखाद्या जागी धार राहिली तरच ती फट उघडा. पहिल्याच दिवशी घाबरून बाहेरून आणखी कापूस ठासू नका.

लाकूडकाम दिवाळीनंतर सुरू केलं तर फेब्रुवारीपर्यंत फळ्या होतात आणि मार्चमध्ये शांत समुद्र मिळतो. एप्रिल-मे मध्ये पुळणीवर ठेवायची वेळ आली तर झाप, म्हणजे विणलेल्या झावळ्या, घाला आणि संध्याकाळी खारं पाणी मारा, नाहीतर आठ दिवसांच्या उन्हात फटी पुन्हा उघडतात. १ जूनला मासेमारी बंद होते त्याआधी होडी भरतीरेषेच्या वर ओढा, नाळ थोडी उंच ठेवा आणि तळाचा बूच काढून टाका. आतल्या पायफळ्या उचलून ठेवा, झापांच्या दोन्ही टोकांना वारा खेळायला जागा ठेवा. खिळे तांब्याचे असतील तर वाकांच्या तळाशी मूठ-मूठ जाडं मीठ टाका. लोखंडी असतील तर टाकू नका, मीठ ओल धरतं आणि खिळे गंजतात. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा झाप उचलून आत हात फिरवा. कण्याजवळ हाताला पाणी लागलं तर बुचाचं भोक बुजलं आहे, ते त्याच दिवशी मोकळं करा.