प्रेशर वॉशिंगचा धंदा करायचाय? मशीन बघायला जाताना घरून बादली घेऊन जा

दिवाळीनंतर निदान सात-आठ जणांनी मला हेच विचारलंय की दादा, ते पाण्याच्या प्रेशरचं मशीन कुठलं घेऊ, १०० बारचं की २०० बारचं (बार म्हणजे प्रेशर मोजायचं माप). मी दर वेळी उलट विचारतो की धुणार काय आहेस? तिथं गाडी अडते, कारण सगळ्यांनी मोबाईलवर ते व्हिडिओ बघितलेले असतात, काळीकुट्ट फरशी, एक पट्टा मारला की खालून पांढरीशुभ्र निघते, आणि वाटतं मशीन आणलं की झालं. तर आधी काम ठरवा, मग मशीन. मी पुण्यात सोसायट्यांची कामं करतो, पार्किंगचे पेव्हर ब्लॉक, रॅम्प, गच्ची, कंपाउंडची भिंत, त्यामुळे त्याच अंगानं सांगतोय. वॉशिंग सेंटर टाकायचं असेल तर जागा, ड्रेनेज, बोअर हे सगळं वेगळं गणित आहे, त्यात मी शिरत नाही.

गावाकडं असाल तर एक गोष्ट आधीच सांगतो. द्राक्ष-डाळिंबाच्या बागेत औषध मारायला बेल्टवर चालणारा एचटीपी पंप असतो ना, त्यावर कित्येक वॉशिंग सेंटरं आरामात चालतात. त्याचं प्रेशर २०-४० किलोच्या आसपास, म्हणजे जवळपास तेवढेच बार, पण पाणी भरपूर. ट्रॅक्टरचा चिखल, गोठा, पोल्ट्रीचं शेड, मोटारसायकली याला तो पुरतो आणि त्याचे पार्ट तालुक्याच्या गावात मिळतात. पण पेव्हरवरचं चार पावसाळ्यांचं शेवाळ त्यानं हलत नाही, तिथं १३०-१५० बार लागतातच.

आता बारचं. दुकानदार बारच सांगतो, आणि खोक्यावर पीएसआय छापलेलं असलं तर आकडा अजूनच दांडगा दिसतो, कारण १ बार म्हणजे साडेचौदा पीएसआय. पण बार म्हणजे पाणी किती जोरात आदळतंय एवढंच, सुटलेली घाण वाहून नेतं ते पाणी, म्हणजे मिनिटाला किती लिटर. घरगुती मशीन मिनिटाला ६-७ लिटर देतं, त्यावर कार धुवा, बाल्कनी धुवा, छान आहे. पाच हजार स्क्वेअर फुटांचं पार्किंग त्यानं धुवायला घेतलंत तर घाण सुटते आणि तिथंच चिखल होऊन बसते, मग तुम्ही तोच चिखल या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात ढकलत बसता. धंद्याला किमान १० लिटर हवं, १२ मिळालं तर उत्तम. आणि खोक्यावर मॅक्स प्रेशर आणि वर्किंग प्रेशर असे दोन आकडे असतात, आपल्या कामाचा फक्त वर्किंगचा.

हे तपासायचं कसं, तर बादली. २० लिटरची बादली घेऊन जा, मशीन चालू करून दाखवा म्हणा, पुढची नोझलची टिप काढायला सांगा आणि लान्सचं, म्हणजे गनच्या पुढच्या लांब नळीचं, पाणी बादलीत सोडून मोबाईलवर टायमर लावा. २ मिनिटांत भरली तर १० लिटर, सव्वातीन मिनिटं लागली तर ६. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा दुकानातला पोरगा हसत होता, १२ लिटर लिहिलेल्या मशीननं बादली भरायला अडीच मिनिटं घेतल्यावर हसायचा थांबला.

मोटर बघा, खरं म्हणजे ऐका. स्वस्त मशीनमध्ये कार्बन ब्रशची मोटर असते, चालू केली की घरच्या मिक्सरसारखी किंचाळते, हलकी असते, अर्ध्या तासानं तापते. धंद्याचं मशीन इंडक्शन मोटरचं, आवाज घोगरा, वजनाला धोंडा, जिन्यावरून न्यायला दोन माणसं लागतात पण दिवसभर चालतं. त्यातही १४४० आरपीएमचं मिळालं तर २८०० पेक्षा तेच घ्या, पंप निम्म्या वेगानं फिरतो म्हणजे सील, पंपातून पाणी गळू न देणाऱ्या रिंगा, जास्त टिकतात. पंपाचं हेड पितळेचं आहे का विचारा, आणि सील किट इथं मिळतं का तेही विचारा, नाही मिळत म्हटला की उठा तिथून. नाव कितीही मोठं असू दे, ५०० रुपयांच्या सीलसाठी मशीन महिनाभर पडून राहिलं तर ऐन सीझन जातो.

लाईटचं सांगतो कारण तिथं माझी फजिती झालीय. ३ एचपी सिंगल फेज मशीन चालताना १३-१४ अँपिअर घेतं, पण चालू होतानाच्या त्या एका झटक्याला पाच-सहा पट. पहिल्याच कामाला मी ऐटीत वॉचमनच्या केबिनमधल्या सॉकेटला पिन लावली, बटण दाबलं आणि केबिनचा पंखा, पार्किंगचे लाईट, सीसीटीव्ही सगळं गपकन गेलं, वर गॅलऱ्यांमधून डोकी बाहेर. तेव्हापासून काम बघायला जातो तेव्हाच सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनला बोलावून घेतो आणि पंपरूममधून सप्लाय घेतो. केबल २.५ एमएमची तीन कोअर, २५-३० मीटरच्या पुढं नको नाहीतर व्होल्टेज पडतं आणि मोटर जळते. बोर्डवर ३० मिलिअँपची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच सप्लाय तोडणारा स्विच, हवीच, यात काटकसर करू नका, तुम्ही पाण्यात उभे आहात आणि हातात लोखंडी लान्स आहे. पेट्रोल इंजिनचं मशीन घेतलं तर लाईटची कटकट नाही, फार्महाऊस, पेट्रोल पंप असल्या मोकळ्या जागेला बेस्ट, पण बेसमेंटमध्ये ते चालवायचंच नाही. धूर बाहेर जात नाही, कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो आणि माणूस बसल्या जागी बेशुद्ध पडतो.

आता दुसरी फजिती, ही महागात पडली. माझ्याकडं तेव्हा फक्त गन आणि टिपा होत्या. धार किती पसरते त्यावरून टिपांचे रंग ठरलेले असतात, लाल म्हणजे शून्य डिग्री, सुईसारखी धार, पिवळी १५, हिरवी २५, पांढरी ४०, काळी साबणाची. मी पिवळी लावून सगळं पार्किंग हातानं पट्टे मारत धुतलं, संध्याकाळी बघितलं तर एक नंबर, कारण ओलं असताना सगळं एकसारखंच दिसतं. रात्रीत वाळलं. सकाळी सेक्रेटरी काकांचा फोन, "अहो, हे धुतलंय की रांगोळी काढून ठेवलीय तुम्ही?" जाऊन बघतो तर गेटपासून लिफ्टपर्यंत झेब्रा, जिथं हात जवळ गेला तिथं पांढरा पट्टा, लांब राहिला तिथं करडा. सरफेस क्लीनर भाड्यानं आणून पूर्ण पार्किंग स्वतःच्या खर्चानं परत धुतलं. सरफेस क्लीनर म्हणजे ते गोल झाकणासारखं असतं, खाली दोन नोझलचा दांडा गरगर फिरतो, जमिनीपासूनचं अंतर कायम सारखं राहतं म्हणून पट्टे पडत नाहीत, वर स्पीड दुप्पट-तिप्पट. मशीनबरोबरच घ्या, नंतर बघू म्हणू नका. घेताना नोझल तुमच्या मशीनच्या लिटरला मॅच होणारी आहेत का बघा, मोठी बसवली तर प्रेशरच बनत नाही आणि आपण उगाच पंपाला शिव्या घालतो.

लाल टिप तर मी डब्यातून काढूनच टाकलीय. त्या धारेनं सिमेंट उखडतं तिथं माणसाचं काय, ती कातडी फोडून पाणी आत घुसवते, बाहेरून टाचणीएवढी जखम दिसते आणि आत सगळा हात सडू शकतो. असं कुणाला झालं तर हळद-बिळद लावत बसू नका, ताबडतोब हॉस्पिटल, आणि पाणी प्रेशरनं आत गेलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. गमबूट, गॉगल घालायचेच, आणि गन चेष्टेनंही कुणावर धरायची नाही, पोरं करतात हे.

कशावर काय चालतं हे हळूहळू हाताला कळतं, पण थोडं सांगतो. पेव्हरच्या सांध्यातली वाळू निघतेच, त्यामुळं परत वाळू भरून देणार की नाही ते आधी ठरवा, नाहीतर महिन्याभरात ब्लॉक डुगडुगायला लागतात आणि नाव तुमचं. गच्चीवर चायना मोझॅक असेल तर २५ किंवा ४० ची टिप, हातभर लांबून, आणि सांधे आधीच फुटलेले असतील तर फोटो काढून सेक्रेटरींना पाठवून मगच हात लावा, कारण पुढच्या पावसात वरच्या मजल्यावर गळलं की पहिला फोन तुम्हालाच. कोकणातला जांभा मऊ असतो, जवळून मारलं की भुगा निघतो. सोलर पॅनलचं काम प्रेशरनं करायचंच नाही, तिथं साधा पाईप आणि मऊ ब्रश, तेही सकाळी काच थंड असताना.

ॲसिडचा नाद नको. कोटा आणि शहाबाद दोन्ही चुनखडीचे दगड, ॲसिड पडलं की पॉलिश गेलंच समजा. शेवाळाला सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे आपलं हायपो, पातळ करून मारा, दहा-पंधरा मिनिटं ठेवा, मग धुवा, निम्मं कष्ट वाचतात, फक्त कडेच्या कुंड्या आधी साध्या पाण्यानं भिजवून घ्या. आणि हायपो मारलेल्या जागी कुणी वरून ॲसिड ओतलं तर क्लोरीन वायू सुटतो, बेसमेंटमध्ये तर जीवावर बेतेल. सोसायटीचे सफाईवाले मावशी-मामा ॲसिडची बाटली घेऊन मदतीला येतात, प्रेमानं येतात, त्यांना आधीच सांगून ठेवा.

पाणी. १० लिटरचं मशीन तासाला ६०० लिटर खातं, पाच तास गन चालली तर ३ हजार. एप्रिल-मे मध्ये जिथं टँकर चालू आहेत तिथं हा आकडा सांगितलात की चहा न पाजता बाहेर काढतील, आणि बरोबरच आहे त्यांचं. खरा सीझन गणपतीच्या आधी थोडा आणि पाऊस संपल्यावर दिवाळीपर्यंत जोरात, शेवाळ ताजं असतं आणि बोअरला पाणी असतं. नळ थेट मशीनला लावण्यापेक्षा २०० लिटरचा ड्रम मध्ये ठेवा, खालच्या नळाची धार बऱ्याचदा पंपाच्या भुकेला पुरत नाही, पंप हवा ओढतो आणि सील जातात. ड्रम मशीनपेक्षा थोडा उंचावर, सक्शनला, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाईपला, जाळीचा फिल्टर, बोअरच्या पाण्यात रेती येते म्हणून.

माझा पहिला सेट असा होता: मशीन ३८ हजार, सरफेस क्लीनर ९, जादा २० मीटर होज ४, केबल आणि बोर्ड ५, ड्रम-पाईप-फिल्टर ३, गमबूट-गॉगल-रेनकोटची पँट वगैरे २. झाले ६१ हजार. गाडी भावाची ओम्नी. आधी दोन-तीन कामं भाड्याच्या मशीनवर करून बघा, दिवसाला हजार-बाराशे जातात पण अंदाज येतो की आपली पाठ हे काम सहन करते का, कारण संध्याकाळी चमचा धरताना हात थरथरतो, हे व्हिडिओत दाखवत नाहीत. सेकंडहँड घेणार असाल तर पंपाचं ऑइल बघा, दुधासारखं झालेलं असेल तर पाणी आत शिरलंय, सोडून द्या किंवा भाव पाडा.

रेट स्क्वेअर फुटावर सांगा, दिवसावर नाही. मी २ रुपयांनी सुरुवात केली, आता काम बघून अडीच-तीन घेतो. ५ हजार फूट अडीचनं साडेबारा हजार, दोन माणसं दोन दिवस, हेल्परचे दिवसाला ८०० प्रमाणे १६००, गाडी, केमिकल, जेवण धरून अजून दोन हजार, मशीनची झीज म्हणून हजार बाजूला काढायचे, मग उरतं ते आपलं. कमिटीवाले घासाघीस करणारच, ते गृहीत धरा, पण आधी कोपऱ्यातला दोन बाय दोनचा तुकडा फुकट धुवून दाखवा, वाळू द्या, मग रेटचं बोला. ॲडव्हान्स ३० टक्के. आणि गाड्या हलवायचा मेसेज ग्रुपवर दोन दिवस आधी टाकायला लावा, तरी एक गाडी राहतेच आणि तिचा मालक नेमका परगावी असतो, तेवढा चौकोन काळा ठेवून या आणि बिलात वजा करा.

कागदपत्रं फार नाहीत. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, ऑनलाईन आणि फुकट, पैसे मागणाऱ्या वेबसाईटपासून लांब राहा. शॉप ॲक्टला वीसपेक्षा कमी माणसं असतील तर नुसती ऑनलाईन सूचना द्यायची असते. जीएसटी सर्व्हिसला वर्षाच्या २० लाखांपर्यंत लागत नाही. मोठ्या बिलात सोसायटी १ टक्का टीडीएस कापते, पॅन द्या नाहीतर २० कापतील. सरकारच्या मुद्रा कर्ज योजनेच्या शिशू गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं, बँकेत मशीनचं कोटेशन घेऊन जा.

एक काम मात्र कितीही पैसे देऊ केले तरी घ्यायचं नाही, सेप्टिक टँक किंवा चेंबरमध्ये उतरणं. "तुमच्याकडं मशीन आहेच, जरा आत उतरून मारा की" असं अगदी सहज म्हणतात लोक. २०१३ च्या कायद्यानं तसं माणूस उतरवायला बंदी आहे, आणि आतल्या वायूनं माणूस वर येत नाही, त्याला काढायला उतरलेला दुसराही येत नाही.

रोजची सवय एवढीच. गन सोडून दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं असेल तर मशीन बंद करा, तेच पाणी पंपात फिरून तापतं आणि सील खातं. बंद केल्यावर गन एकदा दाबून आतलं प्रेशर सोडा, मगच पाईप काढा. पहिल्या ५० तासांनी ऑइल बदला. डब्यात ओ-रिंग, टेफ्लॉन टेप, एक जादा टिप आणि टिपेत अडकलेली रेती काढायला बारीक तार ठेवा. तारेच्या जागी मी अजून सेफ्टी पिनच वापरतो, बायकोच्या डब्यातली, तिला अजून कळलेलं नाही.