नागपुरात घर बदलताय? फ्लॅटआधी वस्ती पाहा

खोल्या किती नि लिफ्ट आहे का, हे दलाल न विचारता सांगेल. वस्तीची चौकशी आपल्यालाच करावी लागते.

१. घरातल्या प्रत्येकाची रोजची ये-जा लिहून काढा. नोकरी मिहानमध्ये आणि मुलांची शाळा धरमपेठेत असेल, तर बेसा की खामला हा वाद तिथेच निम्मा मिटतो. मेट्रोच्या दोन्ही मार्गिका सीताबर्डीला मिळतात, पण स्टेशन ते घर हे अंतर भर दुपारी पायी चालून बघा. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की एक किलोमीटरही जड जातो, आजी-आजोबांना तर फारच.

२. पाण्याची चौकशी दोनदा करा. नळ किती वाजता येतो, उन्हाळ्यात टँकर लागतो का, हे शेजारच्या काकूंना विचारा. अंगणात निळे ड्रम रांगेने मांडलेले दिसले, तर विचारायचीही गरज नाही.

मग पावसाचं पाणी. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि डागा ले-आऊटसारख्या प्रतिष्ठित वस्तीतही घराघरांत पाणी शिरलं. तेव्हा भाव चढा म्हणजे जागा सुरक्षित, असं धरून चालू नका. नाग नदी किंवा एखादा नाला जवळ असेल, तर तळमजला नीट न्याहाळा. रंग फक्त कमरेपर्यंतच ताजा आहे? विजेचं मीटर मूळ जागेवरून वर सरकवलंय? अशा घराबद्दल मालकापेक्षा कोपऱ्यावरचा किराणावाला जास्त सांगेल.

३. विकत घेणार असाल तर ‘आरएल’ (म्हणजे भूखंड नियमित झाल्याचं पत्र) आहे का, हे टोकन देण्याआधीच विचारा. २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमित न झालेल्या ले-आऊटमध्ये बँका कर्जाला कां-कूं करतात, रस्ते-गटारंही रेंगाळतात. ‘होऊन जाईल’ हे उत्तर मी तरी नकार समजतो.

४. संध्याकाळी सातनंतर पुन्हा जा. पथदिवे लागतात का, बागेत बायका-मुलं दिसतात का? पूर्वेकडे वाठोड्याच्या बाजूला घर पाहत असाल, तर भांडेवाडीच्या कचरा डेपोचा वास कुठवर येतो तेही तेव्हाच कळेल.

एवढं करूनही मन द्विधा असेल, तर त्याच वस्तीत आधी अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने राहा. करार असा करा की त्यात उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही यावेत.