इशारा पातळी ओळखताना: एडीएचडी असलेल्या मुलाचा राग

पावसाळ्यात कोल्हापुरात शेजारी भेटला, की पहिला प्रश्न ‘पाणी किती फुटांवर?’ हाच असतो. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे, हे इथल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असते. एडीएचडी (लक्ष न टिकणे, अतिचंचलता आणि उतावीळपणा) असलेल्या मुलाला त्याच्या भावना समजावून देण्यासाठी हीच मोजपट्टी वापरावी, असे मी सुचवेन. अशा मुलाचा राग झपाट्याने चढतो हे खरे. पण पाणी चढते आहे हे त्याचे त्यालाच उशिरा कळते, ही खरी अडचण असते.

यात हट्टीपणाचा किंवा लाडावल्याचा भाग आपण समजतो त्याहून पुष्कळ कमी असतो. भावनांना आवर घालण्यात मेंदूच्या पुढच्या भागाचा मोठा वाटा असतो आणि या मुलांमध्ये तो भाग सावकाश पक्व होतो. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी मेंदूचित्रण-अभ्यासात हा उशीर सुमारे 3 वर्षांचा आढळला होता. त्यामुळे ‘एवढा घोडा झालास तरी कळत नाही का’ हे वाक्य घरातून, आजी-आजोबांच्या तोंडूनसुद्धा, बाद झालेले बरे.

मूल शांत असताना, शक्यतो सुट्टीच्या सकाळी, त्याच्याकडूनच पुठ्ठ्याची एक उभी पट्टी रंगवून घ्यावी, तिच्यावर 39 आणि 43 हे आकडे ठळक करावेत आणि त्या त्या पातळीला शरीरात काय होते हे त्यालाच आठवायला लावावे: कानशिले तापतात, मुठी आवळल्या जातात, आवाज चढतो, छातीत धडधडते. मग शब्द शोधावेत. मराठीत यासाठी शब्दांची वाण नाही. खट्टू होणे, हिरमुसणे, वैतागणे, चिडणे, संतापणे यांतला फरक बोलता बोलता मुलाला कळू लागतो आणि प्रत्येक त्रासाला ‘राग’ हे एकच नाव देण्याची सवय सुटत जाते. ओशाळलेले मूलही पुष्कळदा चिडल्यासारखेच वागते, हे मोठ्यांनीही ध्यानात ठेवावे. पट्टीवर आई-वडिलांनी आपलीही पातळी दाखवावी. ‘आज मी कामावरून 37 वर आलोय’ असे बाबांनी सांगितले, की ती पट्टी शिक्षेची राहत नाही.

सगळी मेहनत 39 च्या आसपास करायची असते. तिथे काय करायचे हे आधी ठरवून, खेळासारखा त्याचा सराव करून ठेवावा: तोंडावर गार पाणी मारणे, जिना चढून-उतरून येणे किंवा तालमीतल्यासारख्या 10 बैठका काढणे. अशा वेळी ‘का चिडलास?’ असे विचारू नये, ‘किती फूट?’ एवढेच विचारावे. भूक, अपुरी झोप आणि रंगात आलेला खेळ मध्येच थांबवणे यांनी पाणी हमखास चढते. म्हणून फुटबॉल खेळणाऱ्या मुलाला मैदानावरून घरी बोलावण्याआधी 10 मिनिटे आणि पुन्हा 5 मिनिटे असताना आठवण द्यावी.

एकदा 43 ओलांडले, की उपदेश व्यर्थ असतो. राधानगरी धरण भरले की त्याचे स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात, तिथे कोणी समजूत घालत बसत नाही. फेकता येण्याजोग्या वस्तू आणि धाकटी भावंडे बाजूला करावीत, आवाज खाली ठेवावा, जवळ थांबावे. पाणी ओसरल्यावर, अर्ध्या तासाने का होईना, काय घडले ते दोन-चार वाक्यांत बोलावे आणि फेकलेले सामान त्याच्याकडूनच उचलून घ्यावे. भावना चालते, मारणे चालत नाही, हा भेद तेव्हाच पटतो. तो 39 वर स्वतःहून थांबला, तर कौतुक मात्र तिथल्या तिथे करावे, संध्याकाळपर्यंत राखून ठेवू नये.

सहा वर्षांखालील मुलांसाठी औषधांआधी पालकांचे प्रशिक्षण, हाच मान्य क्रम आहे. त्यापुढच्या वयात औषधांचा निर्णय बालमानसोपचारतज्ज्ञांनी घ्यावा. मूल स्वतःला किंवा इतरांना इजा करत असेल, तर मात्र त्यांच्याकडे जायला थांबू नये. औषध चालू असलेली काही मुले त्याचा असर उतरताना, बहुधा संध्याकाळी, जास्त चिडचिडी होतात. म्हणून वेळ, पातळी आणि त्याआधी काय घडले याची वहीत रोज एक ओळ लिहावी आणि पुढच्या भेटीला ती वही डॉक्टरांपुढे ठेवावी.