लिनक्स कर्नलमधला इंटिजर ओव्हरफ्लो कसा दुरुस्त करावा

हिशेबाचं उत्तर टाइपमध्ये मावलं नाही आणि आकडा गुपचूप बदलला, की तो इंटिजर ओव्हरफ्लो. कर्नल बिल्ड करून व्हर्च्युअल मशीनमध्ये बूट करता येतो आणि कासान (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारं कर्नलमधलं साधन) चालू आहे, एवढं इथे गृहीत धरलं आहे.

१. आकडा येतो कुठून ते शोधा. युजरस्पेस, डिस्क किंवा नेटवर्कवरून आलेला आकडा मेमरीच्या आकारापर्यंत पोचेस्तोवर त्याचा टाइप कुठे कुठे बदलतो, ते कागदावर मांडा. २०२१ मध्ये उघड झालेल्या ‘सेक्वोया’ बगमध्ये (सुरक्षा-त्रुटींच्या यादीतला क्रमांक सीव्हीई-२०२१-३३९०९) साइझ_टी या अनसाइन्ड, म्हणजे ऋण आकडे नसलेल्या टाइपचा आकार पुढच्या फंक्शनने इंट (ऋण आकडेही असलेला टाइप) म्हणून घेतला आणि २ जीबीचा आकडा ऋण झाला.

२. ॲलोकेशनमधला (मेमरी मागतानाचा) गुणाकार हाताने करू नका. दोन्ही आकडे ३२ बिटांचे असतील तर ६४ बिटांच्या मशीनवरही गुणाकार ३२ बिटांतच होतो: २६,८४,३५,४५७ गुणिले १६ म्हणजे १६! गुणाकार स्वतः तपासणारे केमॅलॉक_ॲरे किंवा केकॅलॉक वापरा; शेवटी फ्लेक्सिबल (लांबी आधी न ठरलेला) ॲरे असलेल्या स्ट्रक्टचा आकार काढायला स्ट्रक्ट_साइझ. उत्तर मावलं नाही तर स्ट्रक्ट_साइझ साइझ_मॅक्स, म्हणजे साइझ_टीमधला सर्वात मोठा आकडा देतो आणि ॲलोकेशन फसतं. मात्र त्याच्या उत्तरात ‘+ १’ केलंत, तर साइझ_मॅक्सचा शून्य होतो आणि सगळी मेहनत वाया. बेरीज हवीच असेल तर साइझ_ॲड; तो शून्यावर न जाता साइझ_मॅक्सवरच थांबतो.

३. सीमेची तपासणी. बहुतेक पॅच इथेच चुकतात.

‘बेरीज ओव्हरफ्लो होते, म्हणून वजाबाकी करून तुलना करा’ हा सल्ला सर्रास मिळतो. तो अर्धवट आहे. सीव्हीई-२०२२-०१८५ या बगमध्ये नेमकी अशीच तपासणी होती: लेन > पेज_साइझ - २ - साइझ. माउंटचे पर्याय एका पानात, म्हणजे ४०९६ बाइटांत (पेज_साइझ), साठवायचे होते; साइझ म्हणजे आधीच भरलेले बाइट, लेन म्हणजे नव्या पर्यायाची लांबी. साइझ ४०९५ झाला की उजवीकडे -१ येतो. पण टाइप अनसाइन्ड, त्यामुळे तो सर्वात मोठा आकडा ठरतो. मग कोणतीही लेन त्याहून मोठी निघत नाही आणि पानाबाहेर लिहिलं जातं. दुरुस्ती उलटी होती: साइझ + लेन + २ > पेज_साइझ. इथे बेरीज चालली, कारण पर्यायाचं नाव आणि किंमत दोन्हींवर आधीच २५६ बाइटांची मर्यादा होती. अशी मर्यादा दाखवता येत नसेल तर बेरीजही लिहू नका आणि वजाबाकीही नको. सरळ चेक_ॲड_ओव्हरफ्लो वापरा; तो बेरीज करून ती मावली का तेही सांगतो.

ते वापरताना दोन गोष्टी सांभाळा. ओव्हरफ्लो झाला तर उत्तर ‘ट्रू’ येतं, यश मिळालं तर नव्हे. आणि निकाल मावतो की नाही हे तिसऱ्या आर्ग्युमेंटच्या टाइपवर ठरतं: तिथे यू६४ (६४ बिटांचा अनसाइन्ड टाइप) ठेवून पुढे तोच आकडा यू३२ मध्ये भरलात, तर तपासणी असून नसल्यासारखी.

‘ए + बी < ए’ ही जुनी युक्ती तर सोडूनच द्या. यू१६ टाइपचे आकडे बेरजेआधी इंट होतात. ६५५३५ + १ म्हणजे ६५५३६, तो ६५५३५ पेक्षा लहान नाहीच. अट कधीच खरी होत नाही आणि यू१६ मध्ये साठवताना शून्य उरतो.

४. एरर परत करा: -ईइनव्हॅल (चुकीचा आकडा) किंवा -ईओव्हरफ्लो (न मावणारा आकडा). युजरच्या आकड्यावर वॉर्न_ऑन (अट खरी ठरली की कर्नलची धोक्याची सूचना) लावू नका. पॅनिक_ऑन_वॉर्न (अशा सूचनेवर कर्नल बंद पाडणारी सेटिंग) चालू असलेल्या मशीनवर तीच अट कोणालाही यंत्र पाडायचं बटण देते.

५. शून्य, सीमेच्या एक आधी, सीमा आणि एक पुढे, असे आकडे देऊन बघा. वरच्या उदाहरणात साइझसाठी ४०९४ आणि ४०९५ दोन्ही हवेत. ४०९४ ला जुनी तपासणी बरोबरच वागते, त्यामुळे एवढ्यावर थांबलात तर बग दिसणार नाही. ३२ बिटांचा बिल्डही चालवा. कासान ओव्हरफ्लो पकडत नाही, त्यानंतरचं चुकीचं लिखाण पकडतो. तेव्हा टेस्टमध्ये लिखाण प्रत्यक्ष व्हायला हवं.

६. पॅचमध्ये फिक्सेस टॅग द्या, बग आणणाऱ्या कमिटच्या हॅशची पहिली १२ अक्षरं घेऊन, आणि स्टेबलला (आधीच्या आवृत्त्यांत दुरुस्त्या घालणाऱ्या यादीला) सीसी करा. कोणता आकडा कोणाच्या हातात होता हे मेसेजच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा.