सुधारगृहातल्या मुलांना लिहितं करताना या चुका टाळा

सुधारगृहातलं मूल तुमच्या वर्गात येण्याआधी आपली गोष्ट बऱ्याच जणांना सांगून आलेलं असतं. पोलिसांना, वकिलाला, न्यायाधीशांना, समुपदेशकाला. दर वेळी समोरचा माणूस काहीतरी टिपून घेतो आणि त्या टिपणावर मुलाचं पुढचं ठरतं. त्यामुळे 'लिही' म्हटलं की त्याला आधी जबानीच आठवते. लेखनाचा तास फसतो तो बहुधा इथे.

'तुझी गोष्ट लिही' असं पहिल्याच दिवशी सांगणं

'माझी चूक', 'मला झालेला पश्चात्ताप', 'बाहेर गेल्यावर मी कसा वागेन' हे विषयही त्याच जातीचे. मोठ्यांना काय ऐकायचं आहे हे ही मुलं चटकन ओळखतात आणि नेमकं तेवढंच लिहून देतात. पान भरतं, पण त्यात ते मूल कुठेच नसतं.

यात कायदेशीर धोकाही आहे. प्रकरण अजून चालू असेल तर वहीतला तपशील पुरावा म्हणून मागितला जाऊ शकतो. म्हणून पहिल्या पाच मिनिटांत स्पष्ट सांगा: ज्या प्रकरणामुळे तू इथे आहेस ते इथे लिहायचं नाही. त्यातली नावं, जागा, तारखाही नकोत.

तिसरं कारण मनाचं. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या मानसशास्त्रज्ञांनी १९८६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटं, आयुष्यातल्या क्लेशदायक अनुभवाबद्दल लिहिलं. ज्यांनी घटनेसोबत भावनाही लिहिल्या, त्यांच्या दवाखान्यातल्या फेऱ्या पुढच्या महिन्यांत कमी झाल्या. मात्र लिहून उठताना त्यांचं मन आधीपेक्षा जड होतं. ते विद्यार्थी मोकळे होते, मित्रांकडे जाऊ शकत होते. तुमचं मूल तासानंतर बंद खोलीत जातं आणि रात्रभर त्या पानासोबत एकटं राहतं. जखमेबद्दल त्याला आपणहून लिहायचं असेल तर अडवू नका, पण तसा विषय तुम्ही देऊ नका.

मग द्यायचं काय? वस्तू, आवाज, वास, हात. 'ओळखीच्या एका माणसाचे फक्त हात, ५ ओळींत.' 'कोणता आवाज ऐकला की न बघता कळतं, कोण आलंय?' 'माझ्या खिशात कधीच नसलेल्या ७ वस्तू.' शेवटच्या विषयातला आकडा मुद्दाम सातच ठेवला आहे. पहिल्या तीन-चार वस्तू कोणीही लिहील अशा असतात. पाचवीपासून मुलाला स्वतःचं काही शोधावं लागतं आणि लेखन तिथून सुरू होतं. 'फुलाचे आत्मवृत्त' छापाचे निबंध मात्र कटाक्षाने टाळा. ज्या शाळेने यातल्या कित्येकांना 'ढ' ठरवलं, तिचीच आठवण त्यातून येते.

'इथलं इथेच राहील' असं वचन देणं

हे वचन तुम्हाला पाळता येणार नाही, आणि ते मोडलं की वर्ग संपला. आधी संस्थेला विचारा: वह्या कोण वाचतं, खोलीच्या झडतीत त्यांचं काय होतं, कोणत्या गोष्टी तुम्ही कळवायलाच हव्यात आणि कोणाला? मग मुलांना सरळ सांगा: 'स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याबद्दल, किंवा तुला कोणी छळत असल्याबद्दल लिहिलंस, तर मला ते कळवावं लागेल. बाकीचं मी आपणहून कोणाला दाखवणार नाही.' कर्मचारी वह्या वाचत असतील तर तेही सांगा.

असं काही पानावर आलंच तर ते वर्गात वाचलं जाऊ देऊ नका. कोणाला कळवणार आहात हे आधी मुलाला एकट्याला सांगा आणि त्याच दिवशी कळवा. खोदून प्रश्न विचारू नका. ती चौकशी तुमची नाही, आणि तुमच्या प्रश्नांनी मुलाचं पुढचं म्हणणं डागाळू शकतं.

दहा आठवड्यांचा क्रमवार अभ्यासक्रम आखणं

आज समोर बसलेलं मूल पुढच्या आठवड्यात असेलच असं नाही. सुटका होते, बदली होते, तारीख लागते, घरचे भेटायला येतात, कधी सगळा विभागच अचानक बंद ठेवतात. म्हणून प्रत्येक तास स्वतःपुरता पूर्ण हवा. ६० मिनिटं मिळणार असतील तर ४० मिनिटांचीच आखणी करा: ५ मिनिटं नियम आणि गप्पा, ५ मिनिटं एक छोटा उतारा ऐकणं, ४ मिनिटांचं लेखन, मग ८ मिनिटांचं, उरलेला वेळ वाचन. पहिलं लेखन मुद्दाम तोकडं ठेवा. चार मिनिटांत चांगलं लिहिण्याची अपेक्षाच नसते, त्यामुळे कोऱ्या पानाची भीती कमी होते. त्या वेळात तुम्हीही लिहा. वर्गात फेऱ्या मारणारा माणूस पहारेकरी वाटतो. गट ८ ते १० मुलांचा पुरे.

वही-पेनाची चौकशी न करणं

तारेची वही, पिना, क्लिपा, धातूचं टोपण, कर्कटक, टोकयंत्र हे दारातच अडवलं जाण्याची शक्यता मोठी. शिलाईची वही आणि संस्थेने मंजूर केलेलं लवचिक पेन किंवा आखूड पेन्सिल घ्या. देताना मोजा, घेताना मोजा, आणि मोजणी मुलं उठण्याआधी करा. एक पेन्सिल कमी भरली तर सगळ्या गटाची झडती होते आणि पुढच्या वेळी कोणी यायला राजी नसतं.

लाल पेन काढणं

'मला लिहायचं नाही' याचा अर्थ कित्येकदा 'मला लिहिता येत नाही' असा असतो, आणि हे चारचौघांत कबूल करण्यापेक्षा मूल दंगा करणं पसंत करतं. दंगेखोर मुलाला बाहेर काढण्यापूर्वी त्याच्या शेजारी बसून म्हणा, 'तू सांग, मी लिहितो.' लिहून घेताना त्याचा शब्द बदलू नका. तो 'व्हतं' म्हणाला तर 'व्हतं'च लिहा. मग त्याला ते वाचून दाखवा आणि काय बदलायचं ते त्यालाच विचारा. हे संपादनच आहे आणि ते मुलाने केलं आहे. शुद्धलेखन फक्त मुलाने मागितलं तर.

गाण्याच्या ओळी उतरवून आणल्या तरी चोरी म्हणू नका. त्यातली एक ओळ ठेवून बाकीच्या स्वतःच्या लिहायला सांगा.

हिंसा दिसली की पान बंद करणं

मारामारी, सूड, रक्त येणारच. खऱ्या माणसांची आणि टोळ्यांची नावं, खुणा, धमक्या यांना ठाम मनाई ठेवा. बाकीचं लेखन म्हणून वाचा. 'असं लिहू नये' म्हणण्यापेक्षा विचारा: त्या खोलीत टेबलावर काय होतं? दारात उभ्या लहान मुलीने काय पाहिलं? दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे कोण आलं? बढाई या प्रश्नांपुढे फार टिकत नाही.

वाचून दाखवायचं की नाही हे प्रत्येकाने स्वतः ठरवावं, 'आज नको' एवढं पुरेसं असावं. प्रतिक्रिया लेखनावर हवी. 'तू असा आहेस' नको, 'या गोष्टीतला मुलगा' असं म्हणा. गोष्टीत 'मी' असला तरीही.

छापण्याची घाई

गुन्ह्याच्या प्रकरणातल्या मुलाचा खासगीपणा जपला पाहिजे, हे बालहक्कांच्या १९८९ च्या आंतरराष्ट्रीय करारात कलम ४० मध्ये आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८५ च्या बीजिंग नियमावलीतला आठवा नियमही तेच सांगतो. त्यामुळे संकलन काढायचं तर खरं नाव, फोटो, गाव, हस्ताक्षर यातलं काही नको. मूल, पालक आणि संस्था तिघांचीही लेखी संमती हवी, प्रकरण चालू असेल तर वकिलाचं मतही. छपाईला जाईपर्यंत नकार देण्याची मुभा ठेवा. देणगीदारांसमोर मुलांना उभं करून वाचायला लावू नका, ती पुन्हा जबानीच होते.

लिहिण्याचा तास बक्षीस म्हणून देऊ नका आणि शिक्षा म्हणून काढून घेऊ देऊ नका. हे कर्मचाऱ्यांशी सुरुवातीलाच बोलून घ्या. उपक्रम संपणार असेल तर निदान तीन तास आधी सांगा. वही मुलाची आहे: सुटताना ती त्याच्या सामानात जाते ना हे बघा, आणि त्याला ती सगळ्यांसमोर फाडून टाकायची असेल तर फाडू द्या.